गांजाचे दुष्परिणाम कसे मोजावे?

गांजानें मनुष्य वेडा होतो, असें आपल्याकडे सर्रास म्हटलें जातें. परंतु किती जण, आणि कशावरून, असें विचारणारे विरळा. कालव्याच्या पाण्याचा हिशेब नुसत्या नजरेनें होत नाहीं, हें निरवांगीच्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. व्यसनाच्या हानीचेंही तसेंच आहे.

हिंदुस्थान सरकारनें 1893 सालीं ह्या प्रश्नाच्या चौकशीसाठीं एक मंडळ नेमिलें. मुंबई इलाख्यासह देशभर त्यानें 1,193 साक्षी घेतल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांचीं दप्तरें तपासलीं. 1892 सालीं दाखल झालेल्या 1,344 रोग्यांपैकीं 222 जणांच्या नांवापुढें गांजा, भांग किंवा चरस हें कारण लिहिलेलें होतें. एकेका रोग्याची माहिती नव्यानें पडताळतां त्यांपैकीं 98 च उरले. त्यांतही 37 जणांच्या बाबतींत दुसरीं कारणें मिसळलेलीं होतीं. रोगी गांजा ओढीत असे, एवढें कळतांच पुष्कळ ठिकाणीं अधिक चौकशी न करितां कारणाचा रकाना भरला गेला होता.

मग गांजा निरुपद्रवी ठरला काय? मुळींच नाहीं. अतिसेवन हानिकारक आहे, असें त्याच मंडळानें लिहून ठेविलें. शिवाय वेड हें हानीचें टोक होय. इस्पितळापर्यंत न पोहोंचणारी हानी कशी मोजावी? 2012 सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं तरुणांसाठीं 50 प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ‘गांजानें नुकसान झालें काय?’ असा मोघम प्रश्न तींत नाहीं. अभ्यास वा काम, आप्तेष्टांशीं संबंध, स्वतःची निगा, मनावरील ताबा, धोक्याचें वर्तन, शरीरास जडलेली संवय, स्मृतिभ्रंश आणि स्वतःविषयींचें मत अशा आठ अंगांनीं ती विचारणा करिते. अशा लहान लहान उत्तरांच्या बेरजेंतून हानीचें खरें माप मिळतें.

हें माप कशास हवें? भारत सरकारच्या 2018 च्या पाहणीचा अहवाल 2019 सालीं निघाला. त्यानुसार देशांत सुमारें 3.1 कोटी लोक भांग, गांजा किंवा चरस घेत होते. त्यांपैकीं सुमारें 72 लाखांस ह्या व्यसनापायीं मदतीची गरज होती. मदत कोणास हवी, हें केवळ तोंड पाहून कळत नाहीं.

म्हणून पालकांनीं मुलाचे गुण उतरतांच त्यावर व्यसनाचा आरोप करूं नये, आणि तो शुद्धीवर आहे एवढ्यावर निश्चिंतही राहूं नये. झोंप, अभ्यास, मित्र, पैसा, स्मरण यांविषयीं शांतपणें एकेक प्रश्न विचारावा. विद्यार्थ्यांनींही ते स्वतःस विचारावे व उत्तर खरें द्यावें. खोटा आरोप मुलास घरापासून तोडतो. न दिसलेली हानी त्यास हळूहळू पोखरते. दोहोंवर उपाय एकच : नीट विचारणें आणि नीट मोजणें.