पहिली लेन्स घेताना
(तृतीय वर्ष कला)

गेल्या स्नेहसंमेलनात माझ्या गळ्यातला जुना कॅमेरा पाहून बऱ्याच जणांनी विचारले, "असल्या कॅमेऱ्याला लेन्स कुठली घ्यावी? थोड्या पैशांत काम भागेल का?" त्या गर्दीत मी जी उत्तरे दिली ती अर्धवट होती. पूर्ण उत्तर द्यायचे तर माझी एक फजिती सांगावी लागते, म्हणून टाळत होतो. आता संपादकांनी लेख मागितलाच आहे, तेव्हा फजितीसकट सगळे लिहितो.

कॅमेरा माझ्या काकांचा. झोर्की-४ हे त्याचे नाव. रशियात क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ ते १९७३ ह्या काळात हे कॅमेरे तयार झाले. काकांनी तो मुंबईला नोकरीत असताना जुनाच घेतला होता आणि नंतर तो आमच्या वरोरच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत वीस-बावीस वर्षे पडून राहिला. आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खारी हवा, पावसाळ्यात पाझरणाऱ्या भिंती. ट्रंकेतून काढला तेव्हा शटर टकाटक चालत होते, पण लेन्सच्या आत बुरशीने कोळ्याचे जाळे विणून ठेवले होते. मच्छीमाराच्या घरात जाळ्यांना तोटा नसतो, पण हे जाळे काही उपयोगाचे नव्हते.

कॅमेरा बाहेर काढण्याचे कारण आजी. आमच्याकडे पाऊस सरला, की किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात. वलांडी म्हणजे बोंबील वाळवण्यासाठी बांबू रोवून आणि दोऱ्या ताणून केलेली मांडणी. दोन बोंबलांचे दातेरी जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. आजीचा हात ह्या कामात इतका बसलेला, की ती गप्पा मारता मारता ओळ संपवते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. शहात्तर हजार कोटींहून अधिक खर्चाचे हे बंदर आमच्या शेजारीच व्हायचे ठरले आणि त्याला जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा महामार्ग वरोरकडून तव्याकडे आखला गेला. बंदराच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले आहे, तो ह्या लेखाचा विषय नाही. मला एवढेच वाटले, की हा किनारा आज जसा आहे तसा कुणीतरी टिपून ठेवावा. आजीला विचारले तर म्हणाली, "काढ की. पण माझी वलांडी सगळी दिसली पाहिजे."

शिकवण्यांतून साठवलेले माझ्याजवळ नऊ हजार रुपये होते.

आता थोडे शास्त्र. कॉलेजातल्या बहुतेकांना जो मोठा कॅमेरा ठाऊक आहे त्यात आरसा असतो आणि डोळ्याला दिसते ते थेट लेन्समधून आलेले असते. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात तसे नसते. त्यात पाहण्याची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीच्या मध्यभागी एक फिकट ठिपका असतो, त्यात वस्तूची दुसरी प्रतिमा दिसते. लेन्सचे कडे फिरवले, की लेन्सच्या मागचा भाग कॅमेऱ्यातला एक छोटा दांडा ढकलतो आणि ती दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या म्हणजे अंतर जुळले. ओस्कर बार्नाकच्या लायकाला १९३२ साली ही सोय मिळाली आणि झोर्की हा त्याच घराण्यातला दूरचा नातेवाईक. आरसा नसल्याने कॅमेरा लहान राहतो, शटरचा धक्का कमी बसतो आणि सेकंदाच्या तिसाव्या भागालाही हात स्थिर ठेवून फोटो काढता येतो. पण ह्या रचनेचा एक धोका आहे. लेन्स कसलीही असो, तिच्यावर झाकण असले तरी, खिडकीतून सगळे लख्ख दिसते! लेन्सला काय दिसते ते फिल्म धुतल्यावरच कळते.

माझी फजिती इथेच झाली. झोर्कीच्या तोंडाला ३९ मिलिमीटर व्यासाचे आटे असतात. एका विक्रेत्याकडे 'इंडस्टार-५०' नावाची, ३९ मिलिमीटर आट्यांची, स्वच्छ काचेची लेन्स अठराशे रुपयांत मिळाली. विकणाऱ्याचे नाव घेत नाही, कारण चूक माझ्या अज्ञानाचीही होती. लेन्स बरोबर फिरून बसली. खिडकीतला ठिपका मात्र हलेना. मला वाटले, इतक्या वर्षांनी रेंजफाइंडरच बिघडला असावा. मग पावलांनी अंतर मोजून, कड्यावरचे आकडे लावून मी छत्तीस फोटो काढले. आजी वलांडीवर बोंबील टांगत होती, मागे होड्या होत्या, ऊन छान पडले होते.

रोल मुंबईहून धुऊन आला तो पूर्ण अस्पष्ट. छत्तीसच्या छत्तीस.

मागाहून शोध घेता कारण समजले. त्याच कारखान्याने झेनिट नावाचे आरशाचे कॅमेरेही केले आणि सुरुवातीच्या झेनिटलाही ३९ मिलिमीटरचेच आटे दिले. परंतु लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचे अंतर झोर्कीत २८.८ मिलिमीटर असते आणि झेनिटमध्ये, आरशाला जागा हवी म्हणून, ४५.२. माझी लेन्स झेनिटची होती. म्हणजे ती फिल्मच्या १६.४ मिलिमीटर जास्त जवळ बसली होती. एफ १६ एवढे बारीक छिद्र ठेवूनसुद्धा अशा वेळी प्रत्येक बिंदूचा फिल्मवर सुमारे एक मिलिमीटरचा गोळा होतो, आणि सबंध फ्रेमच छत्तीस मिलिमीटर रुंद! दांडा ढकलणारा भागही त्या लेन्सला नव्हता, म्हणून ठिपका हलत नव्हता. रेंजफाइंडर बिचारा धडधाकट होता. त्या हिवाळ्यात आजीचे गुडघे गेले आणि तिने वलांडी काकीकडे दिली. तो रोल मी अजून टाकून दिलेला नाही.

तेव्हा पहिली सूचना ही, की आटे जुळले म्हणजे लेन्स जुळली असे समजू नये. ती कोणत्या कॅमेऱ्यासाठी बनली हे आधी विचारावे. ज्युपिटर-८ नावाची जी प्रसिद्ध रशियन लेन्स आहे तीही दोन तऱ्हांच्या बैठकीत येते, एक आट्यांची आणि एक कीव्ह कॅमेऱ्याची. कीव्हची झोर्कीला बसतच नाही. त्यात निदान एवढे बरे, की फसलो हे लगेच कळते. तसेच रशियन आणि लायका पद्धतीच्या लेन्सचे आटे एक असले तरी रेंजफाइंडरशी जुळणी तंतोतंत सारखी नाही. दूरच्या फोटोत ते जाणवत नाही, पण जवळच्या चेहऱ्यात मोठ्या छिद्रावर जाणवू शकते. म्हणून झोर्कीला रशियन लेन्सच बरी. ती स्वस्तही पडते.

पोळल्यावर मी पैसे खर्च करण्याआधी एक बिनखर्ची प्रयोग केला. लेन्सवर ५० किंवा ३५ असा जो आकडा असतो ते तिचे नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान तितका देखावा रुंद. वहीच्या जाड पुठ्ठ्यात ७२ मिलिमीटर लांब आणि ४८ मिलिमीटर उंच अशी चौकट कापा. पुठ्ठ्याला दोरा बांधून त्याला दोन गाठी मारा, एक ७० मिलिमीटरवर, दुसरी १०० वर. गाठ डोळ्याच्या कडेला धरून दोरा ताणला, की १०० च्या गाठीवर पन्नासच्या लेन्सचा देखावा दिसतो आणि ७० च्या गाठीवर पस्तीसच्या. फिल्मची फ्रेम ३६ बाय २४ असते, आपण सगळेच दुप्पट केले, एवढेच ह्यातले गणित.

हा पुठ्ठा घेऊन मी आठवडाभर वरोरभर हिंडलो. लोकांनी वेड्यात काढले. पण जो फोटो काढावासा वाटला तो कोणत्या गाठीवर बसतो हे मी वहीत टिपत गेलो. चाळीस नोंदींपैकी सव्वीस पन्नासवर बसल्या, नऊ पस्तीसवर, उरलेल्या पाच कशावरच नाहीत. त्या नऊ नोंदी बहुतेक अरुंद जागेतल्या होत्या: घरातली चूल, होडीच्या आतली बाजू, वलांडीच्या दोन ओळींमधली वाट. त्या वाटेत माणसापासून दोन मीटरहून मागे सरता येत नाही. दोन मीटरवर पन्नासच्या लेन्समध्ये कॅमेरा उभा धरला तरी १.४४ मीटर उंची मावते, म्हणजे आजीचेसुद्धा पाय तुटतात. पस्तीसमध्ये दोन मीटरहून थोडी अधिक मावते. मोकळ्या किनाऱ्यावर मात्र मागे सरायला सगळा समुद्रकिनारा पडला आहे. तीन मीटरवरून पन्नासची लेन्स २.१६ मीटर रुंदी घेते, म्हणजे एक माणूस आणि त्याचे काम.

दुसरा प्रश्न छिद्राचा. एफ २, एफ ३.५ हे आकडे पाहून मोठ्या छिद्राचा मोह सगळ्यांनाच होतो. हिशेब करा. चारशे गतीच्या फिल्मवर आमच्या किनाऱ्यावरच्या दुपारच्या उन्हात सेकंदाचा पाचशेवा भाग आणि एफ १६ पुरते. तिथे एफ २ काय करायचे? परंतु पहाटे होड्या लागतात तेव्हा, किंवा चुलीजवळच्या अंधूक उजेडात, त्याच फिल्मवर एफ २ ला तिसावा भाग लागतो. एफ ३.५ वाली लेन्स त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच प्रकाश घेते, म्हणजे दहावा भाग, आणि तेवढा वेळ हातही हलतो आणि माणूसही. माझ्या चाळीस नोंदींपैकी अकरा अशा कमी उजेडातल्या होत्या. म्हणून एफ २ हवेच होते. एफ १.५ चा विचार मी केला नाही, ते पैसे रोलला लागतात.

आणि रोलचा खर्च कुणी धरतच नाही! फिल्म, धुलाई आणि स्कॅन मिळून मला एका रोलला हजार-अकराशे रुपये पडतात. सगळे पैसे लेन्समध्ये घातले तर ती कपाटात ठेवून पाहत बसावे लागेल.

माझ्यापुढे तीन पर्याय होते. इंडस्टार-५०, ह्या वेळी खरोखरची झोर्कीची, एफ ३.५: सर्वांत स्वस्त, छोटी, उन्हात उत्तम. ज्युपिटर-८, पन्नासची, एफ २: जर्मन सोनार लेन्सच्या रचनेवर बेतलेली, मोठ्या छिद्रावर किंचित मऊ, एफ ४ पासून पुढे धारदार. ज्युपिटर-१२, पस्तीसची, एफ २.८: हिची मागची काच थेट शटरजवळ जाते. आरसा नसल्यामुळेच असे करता येते. तिचे एक सुख म्हणजे एफ ८ वर पाच मीटरला लावून ठेवली, की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. पन्नासच्या लेन्सला हेच सव्वापाच मीटरपासून पुढे मिळते. पण झोर्कीची खिडकी पन्नासचाच देखावा दाखवते, त्यामुळे पस्तीससाठी वर लावायचा वेगळा फाइंडर घ्यावा लागतो. दोन्ही मिळून माझ्या ऐपतीबाहेर जात होते. हेन्री कार्तिए-ब्रेसाँने १९३२ साली लायका घेतला आणि बहुतेक सारे काम पन्नासच्याच लेन्सवर केले, गांधीजींच्या अखेरच्या दिवसाची छायाचित्रे घेणाराही तोच. हे आठवून मी मनाचे समाधान केले. खरे कारण पैसे.

ज्युपिटर-८ चार हजारांना मिळाली. घेताना टॉर्च लावून मागून-पुढून पाहिली. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा चालतो, पण आतले धुके आणि बुरशी चालत नाही. छिद्राच्या पात्यांवर थोडे तेल होते, त्याने बिघडत नाही. कडे जड फिरत होते, ते वंगण बदलून सुधारले. मग परीक्षा. रात्री चंद्रावर रोखले, कडे शेवटपर्यंत फिरवल्यावर ठिपक्यातला चंद्र खिडकीतल्या चंद्रावर बसला. दिवसा फळीवर पाच सुके बोंबील तिरक्या ओळीत, प्रत्येक पुढचा दहा सेंटिमीटर मागे असे मांडले. एक मीटरवरून मधल्यावर अंतर जुळवून एफ २ ला फोटो घेतला. इतक्या जवळून ह्या छिद्रावर जेमतेम पाच सेंटिमीटरची खोली स्पष्ट येते, म्हणजे तिसराच बोंबील रेखीव यायला हवा. तो तसा आला. (चौथा रेखीव आला असता तर जुळणी मागे जाते असे समजायचे.) झोर्कीवाल्यांना आणखी एक सांगतो: शटर ताणल्याशिवाय त्याचा वेग बदलू नका, आतली यंत्रणा बिघडते. समुद्रावरून आले, की लेन्स कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसावी आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. ट्रंकेत कदापि नाही.

उरलेल्या पैशांत तीन रोल झाले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती उघडून पाऊस ओसरल्यावर वलांड्या पुन्हा उभ्या राहिल्या. ह्या खेपेस काकी बोंबील टांगत होती आणि आजी बाजूला खुर्चीवर बसून जबडे अडकवून जोड्या तयार करून देत होती. साडेतीन मीटरवरून, एफ ८, अडीचशेवा भाग. तिची बोटे, बोंबलांचे दात, काकीच्या हातावरचे खवले, सगळे स्वच्छ आले.

प्रिंट आजीच्या हातात दिला. तिने तो उन्हात धरला, जवळ नेला, लांब नेला, आणि विचारले, "अरे, उजवीकडची ओळ कुठे गेली?"

सध्या ज्युपिटर-१२ साठी पैसे जमवतो आहे.