वाळवंटातील सायकलस्वार आणि रक्तशर्करा

कॅलिफोर्नियातील 'डेथ व्हॅली' हे वाळवंटी खोरे आपल्या सर्वांत सखल भागी समुद्रसपाटीखाली ८६ मीटर उतरते. १९१३ च्या जुलैत तेथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. मधुमेह-संशोधनास निधी मिळावा म्हणून या खोऱ्यातून, उन्हाळा ओसरल्यावर, दीर्घ पल्ल्याच्या सायकलफेऱ्या काढण्यात आल्या. रोज इन्सुलिन घेणारे रुग्णही त्यांत सामील झाले.

कोरड्या हवेत घाम तत्काळ उडून जातो; त्यामुळे शरीरातील पाणी किती घटले, हे स्वाराला उमगत नाही. शिवाय इन्सुलिन घेतलेले असता श्रमाने रक्तातील साखर वेगाने उतरू शकते. भोवळ, अशक्तपणा, मनाचा गोंधळ ही लक्षणे दोन्ही संकटांत सारखीच भासतात. म्हणून सावलीत थांबून प्रथम रक्तशर्करा तपासावी. ती उतरली असल्यास नुसते पाणी पुरत नाही. साखरच द्यावी लागते.