व्यसन मुलाचं, गट आईसाठी?

प्रश्न : माझा चोवीस वर्षांचा मुलगा दारू पितो, उपचाराला तयार नाही. मग मीच पालकांच्या गटात जाऊन काय होणार?
– एक आई, मंचर (ता. आंबेगाव)

उत्तर : ताई, बरंच होतं. त्याची उसनवारी फेडणं, नारायणगावच्या बाजारातली टोमॅटोची पट्टी त्याच्या हाती देणं, ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणत स्थळं पाहणं... ही मायाच, पण पोसलं जातं ते व्यसन. गटात हे सगळं करून बसलेले आईबाप भेटतात. पैसे बंद केल्यावर घरात काय घडलं, हे ते आम्हा डॉक्टरांपेक्षा नेमकं सांगतात. गावात बभ्रा होण्याची भीती खरी आहे. म्हणूनच १९५१ पासून चालणाऱ्या अल-अनॉनसारख्या नातेवाइकांच्या गटांत ओळख गुप्त ठेवतात, फी नसते. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. तिथं कुटुंबीयांशीही बोलतात. जवळची सोय विचारायला १४४४६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

मात्र त्याला कोंडून दारू एकदम तोडू नका. फिट येऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि गटाला एकट्या जाऊ नका, त्याच्या वडिलांनाही न्या.