खिशातली विजेरी कशी निवडावी?



पुस्तकात जिला विजेरी म्हणतात, तिला आपण घरी ‘बॅटरी’ म्हणतो. मी इथे विजेरीच लिहिणार आहे, म्हणजे ती आणि तिच्या आतले सेल यांत घोटाळा व्हायचा नाही. १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट मिळाले. तेव्हाची विजेरी क्षणभरच उजेड देई, मग तिला विसावा द्यावा लागे.

आता कोणी म्हणेल, घरोघरी मोबाईल आहेत, मग विजेरी हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. पण विजेची पाळी रात्रीची आली, की मोटार चालू करायला बांधावरूनच जावे लागते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. त्यांतली मण्यार रात्रीच बाहेर पडते. अंगाने काळी, त्यावर पांढरे बारीक पट्टे. काळ्या मातीत चटकन ओळखू येत नाही. घोणस तर वाळलेल्या पाल्यात पाल्यासारखीच पडून राहते. एका हातात काठी हवी, दुसऱ्या हातात उजेड हवा. मोबाईल ओल्या हातातून निसटतो आणि त्याचा उजेड चार पावलांपुढे फिका पडतो. शिवाय त्याचे चार्जिंग १०८ नंबरला रुग्णवाहिकेसाठी फोन करायला राखून ठेवलेले बरे. माझी आजी म्हणते, “बॅटरी घेतल्याबिगर उंबरा ओलांडू नगं.”

विजेरीच्या डब्यावर ‘लुमेन’ हा शब्द असतो. विजेरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचे हे माप. आकडा मोठा दिसला की माणूस भुलतो. पण एक प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर चौकटीचा कागद लावा. १ मीटरवरून विजेरी धरा आणि उजेडाच्या गोलात किती चौकटी येतात ते मोजा. मग २ मीटरवर जा. गोल दुप्पट रुंद होतो, पण चौकटी सुमारे चौपट भरतात! तोच उजेड चौपट जागेत वाटला गेला, म्हणून फिका पडला. म्हणजे दुप्पट लांबचे तितकेच स्पष्ट पाहायचे तर चौपट उजेड लागेल. मला वाटते, पायवाटेला लांबवर जाणारा बारीक झोत नको, पायापुढे पसरणारा उजेड हवा. झाडाच्या शेंड्यावरचे वानर बघायचे असेल तर गोष्ट वेगळी.

आता थोडे गणित. समजा, आतली बॅटरी १००० मिलीअँपिअर-तासांची आहे. मंद उजेडाला १०० मिलीअँपिअर लागत असतील तर १००० ÷ १०० = १० तास चालेल. प्रखर उजेडाला ५०० लागत असतील तर फक्त २ तास. म्हणून मंद आणि प्रखर असे दोन्ही उजेड देणारी घ्यावी. काही विजेऱ्यांत बटण दाबत गेले की मध्येच लुकलुक सुरू होते. बांधावर ती काय कामाची?

हल्लीच्या विजेरीत एलईडी असतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा, म्हणून दोन सेल एकापुढे एक घालतात. एकाच सेलवर चालणाऱ्या विजेरीत व्होल्ट वाढवणारी छोटी जोडणी असते. एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते, त्यामुळे सेल उलटे घातले तर तो लागत नाही. जुन्या बल्बला दिशेचे काही नसे.

रोज रात्री लागत असेल तर चार्जिंगची विजेरी स्वस्त पडते. कधीमधी लागत असेल तर पेन्सिल सेलची चांगली, कारण सेल गावच्या दुकानात मिळतात आणि लाईट नसली तरी अडत नाही. संपलेले सेल मात्र आत ठेवू नका. साध्या सेलचे जस्ताचे आवरण झिजते, आतले पाणी पाझरते आणि पत्र्याला गंज चढतो.

पावसासाठी डब्यावरची खूण पाहावी. आयपीएक्स४ म्हणजे उडणारे पाणी चालते. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी आत पाणी जात नाही. भातखाचरात जाणाऱ्याने दुसरी घ्यावी.

दुकानात दिवसा सगळ्याच विजेऱ्या सारख्या दिसतात. दुकानदारकाकांना सांगून मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात लावून पाहा. अंगठा ओला करून बटण दाबा. खिशात घालून खाली बसून पाहा. टोचली तर ती घरीच राहील. दोरी अडकवायला भोक आहे का, तेही बघा.

चौकटीच्या कागदाचा प्रयोग ज्यांनी केला, त्यांनी आपले आकडे या भिंतीपत्रकाखालच्या कोऱ्या कागदावर लिहावेत. आमच्या विजेरीला १ मीटरवर २१ आणि २ मीटरवर ८३ चौकटी भरल्या.