धूम्रपान, रक्तातील खुणा आणि फुफ्फुसाचा कर्करोग

धूम्रपान करणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक पुष्कळदा विचारतात, "डॉक्टरसाहेब, रक्त तपासून पुढे कॅन्सर होईल का, ते कळते का?" या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आवश्यक वाटते, कारण त्यात रुग्णाच्या आशेइतकाच कुटुंबाचा पैसाही गुंतलेला असतो.

सिगारेटच्या एका झुरक्यात एकावर पंधरा शून्ये मांडावीत इतके मुक्त कण असतात. प्रत्येकात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असल्याने तो कण शेजारच्या रेणूवर तुटून पडतो. त्यांस आवर घालण्यासाठी शरीरापाशी ग्लुटाथायोन, 'क' जीवनसत्त्व आणि काही विकरे असतात. हल्ला या बंदोबस्तापेक्षा वरचढ झाला की त्या स्थितीस ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये मोडून मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ रक्तात उतरतो. डीएनएमधील ग्वानिन हा घटक बिघडला, तर पेशीविभाजनाच्या वेळी त्याची नक्कल चुकीची होऊ शकते. धुरातील बेंझोपायरीनसारखी द्रव्ये शरीरात रूपांतर होऊन डीएनएला चिकटतात, ती वेगळीच. अशा चुका वर्षानुवर्षे साचत जाऊन एखादी पेशी बेबंद वाढू लागते.

धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात 'क' जीवनसत्त्व कमी व मॅलॉनडायअल्डिहाइड अधिक आढळते. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांतही अनेक अभ्यासांत असेच दिसले आहे. परंतु मधुमेह, क्षयरोग किंवा दीर्घकाळची सूज यांतही हीच खूण उमटते. शिवाय गाठ स्वतःही हा ताण वाढवते. त्यामुळे खूण रोगाच्या आधीची की नंतरची, हे एका तपासणीवरून ठरत नाही. संशोधकाला तिचा उपयोग आहे. एकट्या रुग्णाचे भविष्य मात्र ती सांगत नाही. त्यासाठी उसने पैसे काढणे आम्हांस अनाठायी वाटते.

याहून गंभीर बाब गोळ्यांची. ताण वाढला आहे तर ताणरोधक गोळ्या घ्याव्यात, हा विचार सरळ वाटतो. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तो पारखून पाहिला गेला. १९९४ साली निष्कर्ष आला : बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी न होता सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच एका चाचणीतील गोळ्या १९९६ साली मुदतीपूर्वीच बंद कराव्या लागल्या. गाजर, शेवग्याचा पाला वा आवळा खाण्यास याने बाध येत नाही. पण धूम्रपान चालू ठेवून गोळीवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांवर सिगारेटपेक्षा बिडी अधिक, आणि पानात वळलेली म्हणून ती सौम्य, असा समज आढळतो. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता व सहकाऱ्यांनी १९९१ पासून सुमारे दीड लाख लोकांची नोंद ठेवली. त्यांतील पुरुषांत बिडी ओढणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही जास्त निघाले.

व्यसन सोडण्याचा लाभ मात्र कोणत्याही वयात मिळतो. इंग्लंडमधील डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या पाहणीत, पन्नाशीत सोडणाऱ्यांचा धूम्रपानाने अकाली मरण्याचा धोका सुमारे निम्म्यावर आला, तर तिशीत सोडणाऱ्यांचा जवळजवळ टळला. केंद्र शासनाचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठी साहाय्य करतो.

लवकर निदानाचा सिद्ध मार्ग म्हणजे अनेक वर्षे भरपूर धूम्रपान केलेल्यांसाठी कमी किरणोत्साराचे सीटी स्कॅन. आपल्याकडे क्षयाचे जुने व्रण त्यात संभ्रम निर्माण करतात, म्हणून ते तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावे. उलट, कर्करोगाला क्षय समजून महिनोन्‌महिने औषधे देण्याचे प्रसंगही घडतात. थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत, औषधांनी उतार नाही, खोकल्यातून रक्त पडते किंवा आवाज बसलेलाच राहतो, अशा रुग्णास आणखी एका महिन्याची औषधे देऊन परत न पाठविता छातीच्या तज्ज्ञाकडे न्यावे. कर्करोगाचा संशय पक्का झाल्यास परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय, तसेच त्याच संस्थेचे आपल्याच जिल्ह्यातील खारघर येथील केंद्र उपलब्ध आहे. जाताना जुने एक्स-रे व क्षयाच्या औषधांचे कागद सोबत न्यावेत.