वाचलेलं टिकत नाही, काय करू?

प्रश्न : मी कामशेतजवळ राहते, तळेगावला नोकरी करते. उपजिल्हाधिकारी व्हायचंय. रात्री दोन-तीन तास वाचते, पण आठवड्यात सगळं पुसलं जातं. नोकरी सोडून पुण्यात खोली घ्यावी का?
– एक वाचक

उत्तर : ताई, नोकरी इतक्यात सोडू नका. अडचण गावाची नाही, वाचण्याच्या पद्धतीची आहे. तोच धडा पुन्हा पुन्हा वाचला की ओळखीचा वाटतो आणि आपल्याला तो आल्याचा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं.

म्हणून रात्री एकच तास वाचा, मग पुस्तक मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवा. अडखळाल, तिथेच खरा अभ्यास सुरू होतो. सकाळी लोकलमध्ये कान्हे, वडगाव येईपर्यंत तेच मुद्दे मनात जुळवा. मोबाइल पिशवीत राहू द्या. चार दिवसांनी आणि पंधरवड्याने पुन्हा तसंच करा.

उपजिल्हाधिकारीपदासाठीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे हाताने लिहिण्याचा सराव आता टाळताच येणार नाही. रविवारी वेळ लावून दोन उत्तरं लिहा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. मला हे सगळ्यांत मोलाचं वाटतं.

भातलावणीच्या दिवसांत घरी हातभार लावावा लागत असेल, तर तेवढे दिवस फक्त उजळणी ठेवा. खोलीचा विचार पूर्वपरीक्षा पार झाल्यावर करू.