छायाचित्राचा सुरक्षित प्रवास

गुरुग्राम जिल्ह्यातील मानेसर येथे भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे एक माहिती-केंद्र आहे. दुसरे बंगळूर येथे आहे. पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाले. तेथील एखाद्या रहिवाशास बँकेत खाते उघडावयाचे असल्यास त्याचे छायाचित्र प्राधिकरणाच्या संगणकाकडून बँकेच्या संगणकाकडे पाठविता येते. ते वाटेत बदलले गेले, तर दुसराच मनुष्य त्याच्या नावाने खाते उघडील. चोरीस गेले, तर खोट्या कागदपत्रांवर चिकटविले जाईल. म्हणून या प्रवासाची रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे अंकांची रांग होय. ते मजकुरातून धाडण्यासाठी प्रत्येक ३ बाइटांचे, म्हणजे २४ बिटांचे, सहा-सहा बिटांचे ४ भाग करतात आणि प्रत्येक भागास ६४ चिन्हांपैकी एक चिन्ह देतात. अशा रीतीने ३,००० बाइटांच्या चित्राची ४,००० चिन्हे होतात. ही चिन्हे अगम्य दिसली तरी ते गुप्तलेखन नव्हे. रीत ठाऊक असलेला कोणीही ती उलगडू शकतो.

खरे संरक्षण तीन गोष्टींनी होते. पहिली गोष्ट मागणाऱ्याची पारख. मागणारी संस्था अधिकृत असावी लागते आणि रहिवाशाने बोटाच्या ठशाने किंवा मोबाइलवर आलेल्या एकवेळच्या अंकाने आपली ओळख पटवून संमती द्यावी लागते. चित्र नुसत्या एखाद्या पत्त्यावर उघडे ठेवले, तर पत्ता कळलेला कोणीही ते नेईल.

दुसरी गोष्ट कुलूप. चित्र एका तात्पुरत्या किल्लीने बंद करतात आणि ती किल्ली घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून सोबत पाठवितात. ती उघडणारी खासगी किल्ली केवळ घेणाऱ्याजवळ असते. जोडकिल्ल्यांची अशी एक पद्धत रिव्हेस्ट, शामिर व अ‍ॅडलमन यांनी १९७७ साली शोधून काढली. तिचे गणित संथ असल्यामुळे ती चित्रासाठी न वापरता लहानशा किल्लीपुरतीच वापरतात.

तिसरी गोष्ट सही. प्राधिकरण आपल्या खासगी किल्लीने डिजिटल सही करते. वाटेत एक बिट जरी बदलला, तरी सही जुळत नाही.

कुलूप उघडल्यानंतर मात्र चित्र घेणाऱ्याच्या हाती असते. तेथे गणित संपते व कायदा सुरू होतो. २०१६ च्या आधार कायद्यानुसार, रहिवाशास सांगितलेल्या कामापलीकडे ती माहिती वापरता येत नाही. म्हणून संमती देण्यापूर्वी ती कशासाठी मागितली जात आहे, हे प्रत्येकाने विचारून घ्यावे.